पहिलीपासून लेखनप्रकार : आक्षेपांना उत्तर

प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांत मुलांना निरनिराळे लेखनप्रकार शिकवावेत की नाही, यावर मराठी शाळांत फारसा वाद होत नाही. उत्तर आधीच ठरलेले असते : इतक्यात नको. पहिलीत अक्षरे आणि बाराखडी, दुसरीत जोडाक्षरे, तिसरीत वाक्ये, चौथीत दहा ओळींचा निबंध, आणि पत्र, सूचना, बातमी, जाहिरात यांचे पुढे केव्हातरी पाहता येईल. हे 'पुढे केव्हातरी' शेवटी दहावीत अंगावर येते. प्रथम भाषा मराठीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला असतात आणि तोवर ज्या मुलाने कोणाला खरी चिठ्ठीसुद्धा लिहिलेली नसते, ते बातमीचा आणि जाहिरातीचा साचा पाठ करू लागते. लेखनप्रकार लांबणीवर टाकण्याची जी कारणे दिली जातात, त्यांतली काही वजनदार आहेत आणि काही केवळ सवयीची. दोन्हींना उत्तर दिले पाहिजे, कारण लांबणीवर टाकण्याची किंमत मुले मोजत आहेत.

लेखनप्रकार म्हणजे साहित्याच्या पुस्तकातली कथा-कविता-नाटकाची यादी नव्हे. कोणीतरी कोणाला तरी काही कामासाठी काही सांगत असते. ते काम बदलले, ऐकणारा बदलला की मजकुराची सुरुवात, क्रम, क्रियापदे आणि शेवट बदलतो. सहलीची हकिकत 'गेलो, पाहिले, जेवलो' अशी भूतकाळात चालते. कावळ्याची माहिती 'काड्यांचे घरटे बांधतो' अशी लिहिली जाते, कारण ती झाडावर बसलेल्या एका कावळ्याची नसते, सगळ्या कावळ्यांची असते. भेळ कशी करावी हे सांगताना 'कांदा बारीक चिरून घ्या' असे म्हणावे लागते. बाईंना लिहिलेल्या चिठ्ठीत 'तुम्ही' येते, मित्राच्या चिठ्ठीत 'तू'. सहा वर्षांचे मूल बोलताना हे सगळे भेद पाळते. मधल्या सुट्टीतल्या भांडणाची तक्रार ते घडले त्या क्रमाने सांगते. नव्या भिडूला लगोरीचा नियम समजावताना 'असं करायचं, मग असं करायचं' असे म्हणते. आटपाट नगर म्हटले की कहाणी सुरू झाली हे त्याला कळते आणि कोडे घालताना उत्तर तोंडातून निसटू द्यायचे नसते हेही कळते. म्हणजे लेखनप्रकारांचे पहिले ज्ञान घेऊनच मूल शाळेत येते. शाळेने ते कागदावर उतरवायला मदत करायची आहे. बहुतेक वर्गांत मात्र ते दाराबाहेर ठेवले जाते आणि मुलाच्या हाती गिरवायला एक ओळ दिली जाते.

पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप लिपीचा आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला २६ अक्षरे शिकायची असतात. मराठी मुलाला स्वर, व्यंजने, प्रत्येक व्यंजनाला लागणाऱ्या मात्रा, वेलांट्या, उकार, वर जोडाक्षरे आणि रफार असा मोठा पसारा आवरायचा असतो. भारतीय लिपी शिकायला मुलांना वेळ लागतो, हे सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे. तिथे अक्षरांवर पकड येण्याचे काम पहिली-दुसरीत संपत नाही, ते पुढच्या इयत्तांतही चालू राहते. ज्या मुलाला 'क्ष' आणि 'ज्ञ' धड काढता येत नाहीत त्याला सूचनापत्र लिहायला सांगणे अन्यायाचे आहे, असे शिक्षक म्हणतात ते या अनुभवावरून. हात अवघडलेला असेल तर डोक्यातला विचार कागदावर पोहोचेपर्यंत विरून जातो, हेही खरे. म्हणून अक्षरांचा रोजचा सराव टाळावा असे कोणीही म्हणू नये.

पण याच वस्तुस्थितीवरून नेमका उलटा निष्कर्ष निघतो. लिपी शिकायला तीन-चार वर्षे लागणार असतील, तर लिहायचे कशासाठी हे कळण्यासाठी मुलाला तितकी वर्षे थांबवून ठेवता येणार नाही. लिपी आणि मजकूर या दोन गोष्टी आहेत आणि त्या शेजारी-शेजारी शिकता येतात. मुलाने सांगावे आणि शिक्षकाने लिहावे, ही वाट जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलांच्याच तोंडचे शब्द घेऊन वाचन-लेखनाची सुरुवात केली आणि १९६३ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याच देशातल्या मेरी क्ले यांनी १९७५ च्या पुस्तकात बालकांच्या रेघोट्यांतही लेखनाचे नियम शोधण्याची धडपड कशी असते, हे उलगडले. अमेरिकेत चार्ल्स रीड आणि कॅरल चॉम्स्की यांनी १९७१ मध्ये मुले ऐकू येईल तसे लिहितात आणि त्या लिहिण्यात पद्धत असते, हे मांडले. मराठी मूल 'पाणी' ऐवजी 'पानि' लिहिते तेव्हा त्याने ध्वनी ओळखलेले असतात, खूण जोडलेली असते. 'ण' आणि दीर्घ वेलांटी अजून यायची असते. तेवढ्यासाठी त्याची चिठ्ठी लिहिणे थांबवण्याचे कारण नाही.

थांबवल्यावर काय होते, हेही माहीत आहे. २०१३ ते २०१६ या काळात वाडा तालुक्यातल्या मराठी आणि यादगीरमधल्या कन्नड शाळांत पहिली ते तिसरीच्या मुलांच्या साक्षरतेचा दीर्घ अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्या वर्गांतले लेखन मुख्यतः फळ्यावरचे उतरवून घेणे आणि श्रुतलेखन एवढ्यातच अडकलेले होते. स्वतःचे काही लिहिण्याची संधी मुलांना क्वचित मिळे. ही गोष्ट त्या दोन तालुक्यांपुरती आहे असे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला वाटणार नाही. अक्षरे आधी, मजकूर नंतर या क्रमात 'नंतर' येतच नाही. तीन वर्षे उतरवून घेतलेल्या मुलाला लेखन म्हणजे उतरवणे असे वाटू लागते आणि मग चौथीत 'स्वतःच्या मनाने लिहा' म्हटले की ते शेजाऱ्याच्या वहीत पाहते.

दुसरा आक्षेप मवाळ आहे : लेखन करू द्यावे, पण लहान मुलांना गोष्टच जवळची असते, माहिती, कृती, मत या कोरड्या गोष्टी मोठ्यांच्या. मराठीतल्या चांगल्या शिक्षकांनाही हे पटते. या समजुतीला आधार मात्र फार थोडा आहे. क्रिस्टीन पापास यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या मुलांना गोष्टीची आणि माहितीची अशी दोन्ही प्रकारची पुस्तके वाचून दाखवली आणि नंतर तीच पुस्तके 'वाचल्यासारखी' सांगायला लावली. मुलांनी माहितीच्या पुस्तकाची भाषाही उचलली होती. कथा स्वाभाविक आणि माहिती अस्वाभाविक, असा भेद त्यांच्यात दिसला नाही. भेद दिसतो तो त्यांना मिळणाऱ्या मजकुरात. नेल ड्यूक यांनी २००० साली अमेरिकेतल्या पहिलीच्या २० वर्गांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा माहितीपर मजकुरासाठी दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे दिली जात असल्याचे आढळले. जे मुलांसमोर ठेवलेच जात नाही ते त्यांना आवडत नाही, असे म्हणणे न्यायाचे नाही. खेड्यातल्या दुसरीच्या मुलाला गाभण शेळीची काळजी कशी घ्यायची, विहिरीचे पाणी केव्हा आटते, बैलपोळ्याला काय काय करतात, हे एखाद्या गोष्टीइतकेच तपशिलात ठाऊक असते. त्याला फक्त राजकन्येची गोष्ट लिहायला सांगणे म्हणजे त्याच्याकडे जे आहे ते न मागणे.

तिसरा आक्षेप असा की निबंध आहेच, आणि निबंधात सगळे येते. हा आक्षेप सर्वांत दुबळा आहे, तरी शाळांवर राज्य त्याचेच आहे. 'माझी आई', 'माझा आवडता प्राणी', 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयांवर लिहिलेला मजकूर कोणाला वाचायचा असतो? आईला तो दाखवला जात नाही. शिक्षकांना तो चाळीस वेळा वाचायचा असतो आणि चाळीसही वह्यांत गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी असतो. या निबंधात माहिती, भावना आणि शेवटी एखादा उपदेश अशी सरमिसळ मागितली जाते, पण त्यांतले एकही काम नीट करायला शिकवले जात नाही. गाय पाळणाऱ्या घरातले मूलसुद्धा धार काढताना काय सांभाळावे लागते हे त्यात लिहीत नाही, कारण गाइडमधल्या निबंधात ते नसते. पाठ केलेल्या निबंधामुळे वाक्यांचे वळण तोंडात बसते, हा त्याच्या समर्थकांचा मुद्दा खोटा नाही. पाठांतराला मराठी परंपरेत मोठे स्थान आहे आणि चांगला मजकूर मुखोद्गत असणे ही भाषेची शिदोरीच आहे. परंतु गाइडमधली वाक्ये त्या एका विषयाबाहेर कुठेच उपयोगी पडत नाहीत. मुखोद्गत करायचेच असेल तर कहाण्या, कोडी, भोंडल्याची गाणी आणि 'किशोर'सारख्या मासिकातले लेख आहेत. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या त्या मासिकात गोष्टीच्या शेजारी विज्ञानाची माहिती आणि त्याशेजारी कोडे छापलेले असते. लेखनप्रकारांची ओळख त्याच्या एका अंकातूनही होऊ शकते.

चौथा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो आणि तो मुलांवर प्रेम करणाऱ्यांचा आहे. प्रकार शिकवले की साचे येतात, साचे आले की मूल मरगळते. त्याला मोकळे सोडावे, असे ते म्हणतात. या वादाचा सर्वांत मोठा आखाडा ऑस्ट्रेलियात झाला. डॉनल्ड ग्रेव्हज यांच्या १९८३ च्या पुस्तकानंतर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत अशी पद्धत पसरली की विषय मुलाने निवडावा, मसुदा करावा, सुधारावा आणि शिक्षकाने मागे राहावे. त्याच सुमारास सिडनीत जेम्स मार्टिन आणि जोन रॉथरी प्राथमिक शाळांतल्या मुलांचे लेखन गोळा करून तपासत होते. मोकळ्या सोडलेल्या मुलांचे बहुतेक लेखन 'मी काल काय केले' अशा हकिकतीचे आणि गोष्टीचे होते. विज्ञानात, समाजशास्त्रात पुढे ज्या मांडणीची गरज पडते ती त्यांच्या हाती आलीच नव्हती. ज्यांच्या घरी ती मांडणी रोज कानावर पडते त्यांचे काही बिघडत नाही. ज्यांच्या घरी पडत नाही ती मुले मागे राहतात. म्हणून सिडनीच्या गटाने प्रकार उघडपणे शिकवावेत असे म्हटले : आधी एक चांगला नमुना सगळ्यांनी मिळून उलगडून पाहायचा, मग वर्गाने शिक्षकासोबत एक मजकूर रचायचा, मग प्रत्येकाने आपला लिहायचा. हे काम त्यांनी वंचित वस्त्यांमधल्या शाळांत केले. 'लेखनप्रकार हे श्रीमंत शाळांचे चोचले' असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे.

तरीही मोकळीक मागणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि त्याला पुरावाही आहे. व्हिक्टोरिया पर्सेल-गेट्स, नेल ड्यूक आणि जोसेफ मार्टिनो यांनी २००७ साली दुसरी-तिसरीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञानातली माहिती आणि कृती हे दोन प्रकार काही वर्गांत नियम उलगडून शिकवले गेले, काहींत तसे केले नाही. तपासलेल्या सातपैकी सहा बाबतींत नियम सांगण्याने मुलांच्या प्रगतीत फरक पडला नाही. खरा वाचक आणि खरे काम जितके अधिक, तितकी प्रगती अधिक, असे मात्र अनेक बाबतींत दिसले. यातून लेखनप्रकार शिकवू नयेत असे निघत नाही. ते कसे शिकवावेत हे निघते. 'प्रति, विषय, महोदय' असे शब्द छापलेल्या कागदावर रिकाम्या जागा भरणे म्हणजे पत्रलेखन नव्हे. तिसरीच्या मुलाला अर्जाचा साचा पाठ करायला लावणे हे गाइडच्या निबंधाचेच दुसरे रूप आहे आणि मोकळीकवाल्यांनी त्याला विरोध केला तर तो योग्यच आहे. वाचक नसलेला प्रकार शिकवण्यापेक्षा न शिकवलेला बरा.

पाचवा आक्षेप अडचणींचा आहे. द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-तीन इयत्ता, ऑनलाइन भरायची माहिती, पोषण आहाराची नोंद. यात नवे काय घालायचे? शिक्षकांच्या अंगावरचा भार खरा आहे आणि तो हलका करणे हे शासनाचे काम आहे. पण लेखनप्रकार शिकवायला वेगळा तास आणि वेगळे साहित्य लागते, हा समज खरा नाही. दुसरीच्या वर्गात मटकीला मोड आणण्याचे उदाहरण घेता येईल. परिसराच्या पाठात ही कृती केलीच जाते. झाल्यावर मुलांना लिहायला सांगितले तर साधारण असे येते : 'मटकी भिजवली. मग बांधली. मग मोड आले.' ही हकिकत झाली आणि हकिकत म्हणून ती ठीक आहे. आता त्याच खोलीत बसलेल्या तिसरीच्या मुलांना तो कागद द्यायचा आणि त्याप्रमाणे मटकी करायला सांगायचे. ते विचारतात : पाणी किती? किती वेळ? बांधायची कशात? सुकी की ओली? हे प्रश्न बाईंनी विचारले तर लिहिणाऱ्याला ती चूक काढल्यासारखी वाटते. वाचणाऱ्याने विचारले की ती गरज ठरते. मग फळ्यावर सगळे मिळून लिहितात : 'वाटीभर मटकी धुऊन घ्या. रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी पाणी काढून टाका. मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. फडके सुकू देऊ नका.' 'भिजवली'चे 'भिजवा' झाले. बाईंनी आज्ञार्थ हा शब्दही उच्चारलेला नसतो. सांगण्याचे काम बदलले म्हणून मुलांनीच क्रियापद बदलले. 'किती', 'केव्हा', 'कशात' ही उत्तरे मजकुरात आली ती कोणीतरी अडले म्हणून.

त्याच मटकीतून आणखी दोन प्रकार निघतात. कडधान्यांची माहिती : मटकी शेंगेत होते, कोरडवाहू शेतात पिकते, भिजली की फुगते. आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना चिठ्ठी : उद्या उसळीत आमची मटकी घालाल का? त्या चिठ्ठीला उत्तर मिळते, उसळीच्या रूपाने. पहिलीची मुले स्वतः लिहू शकत नसतील तर सांगतात आणि बाई लिहितात, खाली मुले आपले नाव काढतात. आठवड्याभरात एकाच कृतीतून हकिकत, कृती, माहिती आणि विनंती असे चार मजकूर तयार होतात आणि बहुवर्ग शाळेतली शेजारची इयत्ता अडथळा न राहता वाचक होते. वेळेचा प्रश्न उरतो तो अनुलेखनाच्या तासांनी खाल्लेल्या वेळेचा. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संशोधन संस्थेने २०१२ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिलीपासून रोज एक तास लेखनाला द्यावा, निरनिराळ्या हेतूंसाठी लिहायला शिकवावे, आणि त्यासोबत हस्ताक्षर, वर्णलेखन आणि वाक्यरचनाही शिकवावी, असे सुचवले आहे. इथे रोज एक तास जमणार नाही. पण उतरवून घेण्यात जाणाऱ्या वेळातला निम्मा जरी मोकळा केला तरी बरेच साधते.

सहावा आक्षेप बोलीचा. वारली, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीतले प्रकार शिकवणे म्हणजे दुहेरी ओझे, असे म्हटले जाते. उलट प्रमाण मराठी केव्हा आणि का वापरायची, याचे कारण मुलाला पहिल्यांदा इथेच मिळते. आजीने सांगितलेली गोष्ट लिहायची असेल तर आजीची भाषा कागदावर आली पाहिजे. ती 'सुधारली' तर गोष्टीचा जीव जातो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची सूचना मात्र बाहेरगावचा माणूसही वाचणार असतो. दोन्ही एकाच आठवड्यात लिहिणाऱ्या मुलाला कोणती भाषा 'चुकीची' असे शिकवावे लागत नाही. कोणती कुठे हे ते समजून घेते. सरसकट प्रमाण निबंध मागणाऱ्या शाळेतच बोली बोलणारे मूल गप्प होते.

शेवटचा मुद्दा तपासणीचा, कारण लेखनप्रकार शिकवायला तयार झालेला शिक्षकही इथे अडतो. १९६२ साली मान्य झालेले आणि १९७२ मध्ये वाढवलेले शुद्धलेखनाचे नियम हाताशी असतात, लाल पेन हाताशी असते आणि मजकूर काय काम करतो हे पाहण्याची सवय नसते. तीन ओळींच्या चिठ्ठीत पाच वेलांट्या लाल झाल्या की पुढची चिठ्ठी दोन ओळींची येते. पहिले वाचन मजकुराच्या कामासाठी करावे : कृती वाचून कृती करता येते का, सूचना वाचून केव्हा आणि कुठे जायचे हे कळते का, गोष्टीत पुढे काय झाले हे विचारावेसे वाटते का. तिथे जे अडते ते मुलाला विचारून तिथेच सुधारून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घाची वेळ मग येते, आणि तीही प्रत्येक कागदावर येत नाही. जो मजकूर भिंतीवर लागणार आहे, मावशींच्या हाती जाणार आहे, दुसऱ्या वर्गात वाचला जाणार आहे, तो शुद्ध असला पाहिजे, आणि का असला पाहिजे हे दुसरीच्या मुलालाही सांगता येते. अशा एका सूचनेसाठी 'मि'ची 'मी' आणि 'पानि'चे 'पाणी' ते स्वतःहून विचारून दुरुस्त करते. बाकीचे कागद मुलाच्या नावाच्या फायलीत तारखेसह ठेवावेत, म्हणजे जूनमधली ओळ आणि मार्चमधले पान शेजारी-शेजारी पालकांना दाखवता येते.